पाणी चढत असताना वाचायची गोष्ट

जुलैतली भर पावसाची दुपार. कोल्हापुरातल्या एका वाचनालयात छत्र्यांचं पाणी फरशीवर ओघळत होतं आणि कॉलेजातल्या एका पोरानं स्पायरल बाइंडिंगची एक प्रत देवघेव काउंटरवर ठेवली. काउंटरवरच्या मॅडमनी ती त्याला आपल्याजवळची म्हणून वाचायला दिली होती. इंटरनेटवरून उतरवून, छापून, वर प्लॅस्टिकचं कव्हर घालून. "मॅडम, भुताचं म्हणून दिलं तुम्ही, आणि निम्मं पुस्तक नुसती नदीच हाय की," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, फसगत झाल्यासारखं काहीतरी होतं. मॅडमनी "पुढं वाचलंस का?" एवढंच विचारलं. "न्हाई ओ, नदी संपंचना," म्हणत तो कपाटांकडं वळला आणि नारायण धारपांची एक कादंबरी घेऊन गेला. प्रत काउंटरवर तशीच पडून राहिली. इंग्रज लेखक अल्जरनॉन ब्लॅकवुडची दीर्घकथा, 'द विलोज'.

त्या पोराचं काहीच चुकलं नव्हतं, आणि हेच मनातून जात नाही. त्याला भूत कबूल केलं होतं आणि हातात नदी पडली. मॅडमचंही चुकलं असं म्हणवत नाही, कारण या गोष्टीत जे आहे ते एका वाक्यात सांगायला निघालं की "भुताचं आहे" हेच तोंडात येतं. पण गोष्टीत भूत नाही. मेलेला माणूस परत येत नाही, कुणी सूड घेत नाही, जुना वाडा नाही, शाप नाही. दोन माणसं, एक होडी, पुरातलं एक वाळूचं बेट आणि चहूकडं वाळुंजांची, म्हणजे नावातल्या त्या विलोंची, झुडपं. बस्स. एवढ्या सामानावर ब्लॅकवुडनं १९०७ साली जे उभं केलं, त्याच्या तोडीचं आजही फार थोडं सापडतं. आणि तरी मराठी वाचकांत, अगदी भयकथा चवीनं वाचणाऱ्यांतसुद्धा, हे नाव फारसं निघत नाही. म्हणून ही गोष्ट नव्या वाचकाच्या हातात कशी द्यावी, कधी द्यावी, काय सांगून द्यावी आणि काय गिळून टाकावं, यावर थोडं सविस्तर लिहावंसं वाटतं.

आधी आकार. वीसेक हजार शब्दांची ही दीर्घकथा आहे. छापील पुस्तकात पन्नास-साठ पानं. इंग्रजी सरावाचं असेल तर दोन-अडीच तासांत होते, सराव नसेल तर चार-पाच तास धरावेत. 'द लिसनर अँड अदर स्टोरीज' या संग्रहात ती पहिल्यांदा आली. ब्लॅकवुड १९५१ साली गेला, त्यामुळं आपल्याकडच्या साठ वर्षांच्या हिशेबानं त्याच्या लेखनावरचे हक्क केव्हाच संपलेत; हक्क संपलेली पुस्तकं ठेवणाऱ्या प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर ती फुकट मिळते. तिथून उतरवून घेताना एकच काळजी घ्यावी. फोनवर वाचायची असेल तर अक्षर मोठं करून, ओळींत जागा सोडून वाचावी. ब्लॅकवुडची वाक्यं लांब असतात, चार-चार ओळी पसरतात, आणि बारीक अक्षरात ती एकमेकांत घुसतात. छापून घेतली तर उत्तम. वीस-पंचवीस पाठपोट पानांत बसते, आणि समासात पेन्सिल चालवता येते. ती पेन्सिल का लागते ते पुढं येईलच.

आता हिला 'डार्क फँटसी' म्हणावं की 'हॉरर', याबद्दल. हल्ली तरुण वाचक हे शब्द सहज वापरतात आणि त्यांची अपेक्षाही त्या शब्दांनी ठरते. डार्क फँटसी म्हटलं की त्यांना दुसरं जग हवं असतं, त्या जगाचे नियम, नकाशा, तिथली सत्ता. हॉरर म्हटलं की धक्का. 'द विलोज'मध्ये दुसरं जग आहे, पण त्याचा नकाशा नाही. ते आपल्या जगाला कुठंतरी येऊन टेकलंय आणि टेकलेल्या जागी पडदा झिजलाय, एवढंच कळतं. भीती आहे, पण धक्का नाही. ती भिंतीत ओल चढावी तशी चढते. त्यामुळं दोन्ही नावांनी दिली तर वाचक पहिल्या दहा पानांतच आपल्या अपेक्षेचा तुकडा शोधायला लागतो, आणि पहिल्या दहा पानांत खरोखरच फक्त नदी असते.

ती नदी मात्र वगळायची नाही.

गोष्टीचा निवेदक आणि त्याचा स्वीडिश सोबती कॅनडियन कनूतून, म्हणजे वल्ह्यांच्या निमुळत्या हलक्या होडीतून, डॅन्यूब नदी उतरताहेत. जवळ एक तंबू, एक तवा, थोडं सामान. व्हिएन्ना मागं पडलंय, बुडापेस्ट अजून लांब आहे. जुलैचा मध्य, पाणी चढतंय, होडी ताशी बारा किलोमीटरनं धावतेय. ही सुरुवातीची पानं म्हणजे नदीचं चरित्रच आहे. डोनाउएशिंगनच्या पाइन बागांत ती कशी उगवते, पोर असताना कशी खिदळते, डोंगरांच्या कडेनं कशी जाते, मोठी होऊन कशी गंभीर होते. निवेदक तिच्याबद्दल जिवलग माणसाबद्दल बोलावं तसं बोलतो. या पानांचं काम काय आहे ते वाचकाला आधी सांगू नये, पण देणाऱ्याला ते माहीत असलंच पाहिजे. ब्लॅकवुड इथं विश्वास बांधतोय. वाचकाला नदी आवडली पाहिजे, ओळखीची वाटली पाहिजे, म्हणजे ती ओळख पुढं सुटेल तेव्हा हातातून काहीतरी गेल्यासारखं वाटेल. घाई करून ही पानं उडवणाऱ्याला पुढचं सगळं सपाट लागतं. मग तो म्हणतो, काही होतच नाही. त्याच्यापुरतं ते खरंच असतं.

आणि इथंच कोल्हापूरच्या वाचकाच्या हातात एक गोष्ट आयती आहे, जी पुण्या-मुंबईच्या वाचकाला कल्पनेनं उभी करावी लागते. इथं जूनच्या अखेरीपासून पंचगंगेची उंची फुटांत मोजली जाते. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. हे आकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. 'पंचगंगा पात्राबाहेर' हा मथळा आला की शिवाजी पुलावर माणसं पाणी बघायला उभी राहतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की घाटाकडची माणसं दर दोन तासांनी पायऱ्या मोजतात. पाणी चढतंय की उतरतंय हे दगडावरच्या ओल्या रेघेवरून ओळखायची सवय ज्याला आहे, त्याला 'द विलोज'मधली बेटाची कड दर तासाला झिजत जाणं वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गोष्टीतलं बेट एकरभरही नाही. पाण्यापासून त्याची उंची दोन-तीन फूट. पाणी चढतंय. या तीन गोष्टी इथल्या वाचकानं एकदा शेजारी ठेवल्या की त्याच्या पोटात जे होतं, ते लेखकानं कुठंही शब्दांत सांगितलेलं नाही.

पुराच्या दिवसांत प्रयाग चिखली, आंबेवाडीच्या बाजूला रस्त्यावरून दिसणारं एक दृश्य आहे. उसाचा फड पाण्यात उभा असतो. सरी, बांध, पायवाट, सगळं गेलेलं. गढूळ तांबड्या पाण्यावर नुसते उसाचे शेंडे. मध्येच केंदाळाचा एक हिरवा तुकडा वाहत येतो, शेंड्यांना अडतो, फिरतो आणि सुटतो. पाऊस थांबलेला असतो, वारा पडलेला असतो, आणि तरी ते शेंडे हलत असतात. एका वेळी सगळे नाही. एक रांग थरथरते, मग थांबते, मग पलीकडची थरथरते. कारण साधं आहे, खालून प्रवाह बुडखे ओढतोय आणि प्रवाहाला सारखी लय नसते. पण कारण माहीत असूनही थोडा वेळ बघत राहिलं की असं वाटायला लागतं, हे आपापसांत काहीतरी करताहेत. ब्लॅकवुडची वाळुंजं नेमकी अशी आहेत. त्यांचे वृक्ष होत नाहीत. ती झुडपंच राहतात, मऊ, वाकणारी, अगणित, आणि आपल्या मर्जीनं हलणारी. त्या दृश्याच्या ओळखीवर कोल्हापूरचा वाचक या गोष्टीत शिरू शकतो. त्याला "भुताचं आहे" म्हणण्यापेक्षा "चिखलीकडचा पाण्यातला ऊस आठव आणि वाच" म्हणणं शंभर पटीनं कामाचं आहे.

पण यालाही दुसरी बाजू आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. ज्यांच्या घरात छातीइतकं पाणी शिरलं, ज्यांनी जनावरं सोडली, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत ज्यांच्या कच्च्या मूर्ती भिजून गेल्या, त्यांना पूर ही वाचायची गोष्ट नाही. पुराच्या कथेत सौंदर्य बघा असं त्यांना सांगायचा हक्क कुणालाही नाही. समोरचा माणूस कुठल्या गल्लीत राहतो हे पुस्तक देताना माहीत असावं. माहीत नसेल तर विचारावं. या गोष्टीतलं पाणी माणसाला चिरडायला येत नाही, तो त्याचा उद्देशच नाही. पण रात्री तंबूत पडून पाण्याचा आवाज ऐकणं, कड ढासळल्याचा 'धप्प' ऐकणं, हे सगळं तिथं तपशिलानं आहे. काहींना ते नको असतं. त्यांच्यासाठी ब्लॅकवुडच्याच दुसऱ्या गोष्टी आहेत.

काय सांगून द्यावी? माझ्या मते तीन वाक्यं पुरतात. दोन मित्र कनूतून डॅन्यूब उतरताहेत. पूर चढतोय. एका रात्रीपुरता ते वाळूच्या बेटावर तंबू ठोकतात. इथं थांबावं. "फार भारी आहे", "झोप उडेल" असलं काही जोडू नये. अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टनं १९२७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ब्लॅकवुडच्या गोष्टींत हिला सगळ्यांत वरचं स्थान दिलं होतं, हे खरं आहे. पण नव्या वाचकाला ते आधी सांगितलं की तो श्रेष्ठत्व तपासत बसतो. वाचून झाल्यावर सांगावं. तेव्हा त्याला आनंद होतो, आधी सांगितलं तर ओझं होतं.

धारप वाचून आलेल्याला द्यायची असेल तर आणखी एक वाक्य लागतं, आणि आपल्याकडं भयकथेचा नवा वाचक बहुधा धारपांकडूनच येतो. धारपांच्या जगात अमंगळाला नियम असतात. ते कुठून आलं, कशानं जागं झालं, कशानं आवरेल, हे शेवटी कळतं. आणि 'समर्थ'सारखं कुणीतरी असतं, ज्याला ते आधीपासून ठाऊक असतं. त्या आधारावर वाचक निर्धास्तपणे घाबरतो. 'द विलोज'मध्ये समर्थ नाही. बेटावरच्या दोघांपैकी कुणालाही काही माहीत नाही. ते अंदाज बांधतात आणि अंदाज बरोबर की चूक हे कुणी सांगत नाही. म्हणून धारपांच्या वाचकाला एवढं सांगून ठेवावं: इथं वाचवायला कुणी येणार नाही. गंमत म्हणजे ब्लॅकवुडनंही पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, जॉन सायलेन्स नावाचा असाच एक जाणता डॉक्टर उभा केला आणि त्या गोष्टी खूप खपल्या. त्या वाचनीय आहेत, पण त्यांत ही उघडी पडलेली अवस्था नाही. रत्नाकर मतकरींच्या वाचकाची सवय वेगळी. तो शेवटच्या ओळीतल्या कलाटणीची वाट बघतो. त्याला सांगावं की इथं ताण शेवटी नाही, मधल्या संवादांत आहे, तिथं सावकाश जा. जी. ए. कुलकर्णींची सवय असणाऱ्याला काहीच सांगावं लागत नाही. तो निसर्गाच्या वर्णनाकडं कधीच सजावट म्हणून बघत नाही.

वाचायची कशी, यातही थोडी पद्धत आहे. दोन बैठका कराव्यात. पहिली बैठक संध्याकाळची. सुरुवातीपासून ते तंबू ठोकून, वाहून आलेली लाकडं गोळा करून शेकोटीपाशी बसतात तिथपर्यंत. या भागात तीन छोट्या घटना आहेत. प्रेसबर्गच्या, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हाच्या, एका दुकानात खरेदी करताना एक हंगेरियन अधिकारी त्यांना पुढं जाऊ नका म्हणतो. पाणी उतरलं तर कुठल्या कुठं कोरडे पडाल, आसपास वस्ती नाही, अन्न मिळणार नाही, असं अगदी व्यवहाराचं कारण देतो. मग बेटावरून पाण्यात काहीतरी काळं उलटंपालटं होत जाताना दिसतं. आधी वाटतं माणसाचं प्रेत, मग कळतं पाणमांजर. आणि मग लांबून एक सपाट होडी जाते, तिच्यातला माणूस ओरडून हातवारे करतो, क्रुसाची खूण करतो आणि वाहून जातो. वाऱ्यात शब्द कळत नाहीत. तिन्ही घटनांना सरळ अर्थ आहे. तिन्हींत धोक्याचा इशारा आहे. आणि तिन्ही वेळा दोघं हसून सोडून देतात. या बैठकीनंतर पुस्तक मिटून जेवावं, पाऊस ऐकावा.

दुसरी बैठक रात्रीची आणि अखंड. मध्ये उठायचं नाही. दुसऱ्या दिवशीची सकाळ आणि दुसरी रात्र यांच्यामध्ये वाचन तुटलं की कथेचा अर्धा जोर जातो, कारण तिथं प्रत्येक पान मागच्या पानावर भार टाकत जातं. फोन दुसऱ्या खोलीत. छापील प्रत असेल तर इथं पेन्सिल घ्यावी आणि एकच काम करावं: निवेदक जिथं जिथं एखाद्या गोष्टीचं सोपं कारण देतो, तिथं समासात बारीक रेघ मारावी. वारा असेल. वाळू असेल. डोळ्यांचा भास असेल. झोपेत चाललो असू. अशा रेघा वाढत जातात आणि काही पानांनंतर वाचकाच्या लक्षात येतं की भीती आता त्या रेघांमध्येच साठली आहे. कारण संपली की काय उरेल, हा प्रश्न ब्लॅकवुड स्वतः विचारत नाही, तो वाचकाच्या हातून विचारून घेतो.

यातला एक प्रसंग जवळून बघण्यासारखा आहे. तो सांगितल्यानं शेवट फुटत नाही. सकाळी दिसतं की दोन वल्ह्यांपैकी सुकाणूचं एक गायब आहे, होडीच्या तळाला लांबट चीर गेलीय, आणि उरलेल्या वल्ह्याचं पातं कुणीतरी घासून घासून इतकं पातळ केलंय की पहिल्याच जोरात ते मोडावं. पातं तोडलेलं नाही. नीटस घासलंय. जोर लावून मोडलं असतं तर वादळ म्हणता आलं असतं, जनावर म्हणता आलं असतं. घासायला वेळ लागतो, चिकाटी लागते, हेतू लागतो. निवेदक म्हणतो, वाऱ्यानं वाळू घासली असेल. स्वीडिश मित्र उत्तर देतो की तुला काय, सगळ्याचंच कारण देता येतं. आता हा मित्र कोण आहे ते बघा. सुरुवातीपासून निवेदक त्याला कल्पनाशक्ती नसलेला, दगडासारखा साधा माणूस म्हणत आलाय आणि त्याच भरवशावर स्वतः निर्धास्त राहिलाय. आणि नेमका तोच आधी मान्य करतो. कल्पनाळू माणूस कारणं शोधतोय आणि रोखठोक माणूस म्हणतोय, नको, कारणं बंद कर. ही अदलाबदल म्हणजे गोष्टीचा कणा आहे. आणखी बारीक म्हणजे, दोघांनी रात्री जे पाहिलं-ऐकलं ते एकमेकांपासून लपवलंय. तंबूत दोन माणसं, दोघं जागे, दोघं झोपेचं सोंग करून. भीतीबद्दल बोललं की ती खरी होते, म्हणून न बोलणं. हे ज्या घरात आजारपण झालंय त्या प्रत्येक घराला माहीत आहे.

वाळूत नरसाळ्याच्या आकाराचे छोटे खड्डे आहेत. वरून घंटेसारखा घुमणारा एक आवाज येतो. याबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

उणी बाजूही सांगितली पाहिजे. दुसऱ्या रात्री स्वीडिश मित्र त्या शक्तींबद्दल बराच वेळ बोलतो: दुसरा प्रदेश, झिजलेला पडदा, बळी. यातलं काही आज वाचताना लांबलेलं वाटतं. लेखकाला वाचकावर भरवसा राहिला नाही की काय असं तिथं वाटून जातं. त्या काळी गूढविद्येच्या मंडळांची हवा होती आणि ब्लॅकवुड स्वतः त्यात रमलेला होता, त्याचा तो अंश आहे. नवा वाचक इथं कंटाळला तर त्याला समजून घ्यावं. पण याच पानांत एक सूचना आहे, त्यांच्याबद्दल विचार करू नकोस, विचार केलास की त्यांना तू सापडशील; ती सुटता कामा नये. पुढचं सगळं त्या एका ओळीवर उभं आहे. स्थानिक खेडूत माणसांकडं बघण्याची नजर जुनी आहे, वरून बघणारी आहे. क्रुसाची खूण करणाऱ्या नावाड्याला ते अडाणी ठरवतात. पण त्या खेडुताचं बरोबर होतं, हे कथाच पुढं दाखवते, त्यामुळं ती नजर पुरती लेखकाची म्हणता येत नाही.

इंग्रजीची अडचण खरी आहे. कोल्हापुरात मराठी माध्यमातून शिकलेला उत्तम वाचक अशा पुस्तकापासून केवळ भाषेमुळं लांब राहतो, याचं वाईट वाटतं. त्यावर थोडंफार करता येतं. दर तिसऱ्या शब्दाला डिक्शनरी उघडली की नदी अडते. त्याऐवजी आठ-दहा शब्द आधीच सांगून टाकावेत: कनू, पॅडल, सँडबँक, एडी, बॅकवॉटर, ड्रिफ्टवुड, करंट, विलो. एवढ्यांवर पहिला भाग निघतो. शहाण्या माणसानं जवळ बसून पहिली चार पानं मोठ्यानं वाचून दाखवली तर आणखी बरं. ब्लॅकवुड उतारवयात रेडिओवर गोष्टी सांगून घराघरांत पोचला होता, पुढं दूरचित्रवाणीवरही आला; त्याची वाक्यं कानासाठी बांधलेली आहेत. स्वल्पविरामाला थांबलं की लांब वाक्यही आपोआप सुटं होतं. आणि संक्षेप किंवा व्हिडिओतला सारांश आधी बघून घेणं मात्र कटाक्षानं टाळावं. या गोष्टीचा सारांश केला तर उरतं फक्त 'दोन जण बेटावर अडकले', आणि ते कळलेला वाचक पुढं कधीच तिकडं वळत नाही.

कुतूहल असलेल्यांना एक माहिती वाचून झाल्यावर द्यावी. ही सफर ब्लॅकवुडनं १९०० मध्ये खरोखर केली होती आणि १९०१ मध्ये 'मॅकमिलन्स मॅगझिन'मध्ये तिचं साधं, आनंदी प्रवासवर्णन लिहिलं होतं. तोच पूर, तीच कनू, त्याच दलदली. म्हणजे कथेतली माती खोटी नाही. ब्रातिस्लाव्हाच्या खाली डॅन्यूबच्या असंख्य शाखा होतात, मध्ये बेटं तयार होतात आणि पुरात बदलतात. १९९२ साली स्लोव्हाकियाच्या बाजूला गाब्चिकोवोच्या प्रकल्पासाठी नदीचं बहुतेक पाणी कालव्यात वळवलं गेलं, आणि जुन्या पात्रात पूर्वीचं पाणी राहिलं नाही. ज्या पुरानं ही गोष्ट लिहवून घेतली तो पूर तिथं आता तसा येत नाही. धरणाचे दरवाजे आणि नदीचा स्वभाव यांची रोज बातमी वाचणाऱ्या गावाला यात काय ते कळेल.

एकदा गोष्ट लागली की लगेच दुसरी मागितली जाते, आणि तिथंही गडबड होते. बरेच जण थेट लव्हक्राफ्ट हातात देतात. तो नंतर. आधी ब्लॅकवुडचीच 'द वेंडिगो', १९१० मधली. कॅनडाचं जंगल, शिकारीला गेलेली माणसं, कथानक जास्त ठळक. 'द विलोज' संथ वाटलेल्यांना तर हीच आधी द्यावी. ज्यांना पुरात घर गेल्याची आठवण नको आहे त्यांच्यासाठीही हीच. आणि ज्यांना स्वीडिश मित्राची ती 'दुसऱ्या प्रदेशाची' पानं सगळ्यांत जास्त आवडली, असे वाचक थोडे पण असतात, त्यांना वेल्श लेखक आर्थर मॅकेनची 'द व्हाइट पीपल' ही कथा द्यावी. १९०४ मधली, 'द विलोज'पेक्षा लहान आणि जास्त अवघड. तिच्या सुरुवातीला दोन माणसांचा पाप म्हणजे काय यावर वाद आहे, मध्ये एका मुलीची हिरवी वही, शेवटी पुन्हा ती दोन माणसं. वाद जड वाटला तर थेट हिरव्या वहीपासून सुरुवात करावी. वहीत परिच्छेद जवळजवळ नाहीत, एका दमात वाचायची आहे, तेव्हा किमान दीड तास हाताशी ठेवावा. आणि वही संपली की मग मागं जाऊन तो वाद वाचावा.